बघण्यासारखे सिनेमे आणि एका लेकीची हाक

अन्याय झाला तो सोनपेठ तालुक्यातल्या, गोदावरीकाठच्या एका गावातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईवर. झाला तो गेल्या भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, गावच्या समाजमंदिरात, एक मराठी सिनेमा सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असताना. त्या सिनेमाला परदेशात बक्षिसं मिळालेली आहेत. तो या बाईच्या गावात, या बाईच्या घरासमोर, या बाईच्या पोरीला घेऊन काढलेला आहे. पोर आता नाही.

हे आधी लिहून ठेवते, कारण या पुस्तकासाठी माझ्याकडे मागितलं होतं भलतंच. अलीकडचे बघण्यासारखे स्वतंत्र आणि परदेशी सिनेमे सुचवा, आठवणींच्या अंगानं लिहा, हलकंफुलकं असलं तरी चालेल. सुचवते. सिनेमे चांगलेच आहेत. हलकंफुलकं मात्र जमायचं नाही.

नावं कुणाचीच देणार नाही. पोरीचं नाव छापू नका, असं तिच्या आईनं सांगितलंय. मग दिग्दर्शकाचं तरी कशाला छापू? त्याचं पुष्कळ छापून आलंय. माणसांची नावं नाहीत तर सिनेमांचीही नकोत. खुणा देते. शोधणाऱ्याला तेवढ्यावर सापडतात.

आम्ही म्हणजे परभणीतली चार-पाच पोरंपोरी. आधी नुसती पत्रकं वाटायचो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेल्या पोरांची शाळा, उसाच्या फडावरच्या बायांना दवाखाना, त्यांच्या कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी पाणी, हे विषय. लोक पत्रक घ्यायचे, घडी घालायचे आणि त्यावर भजी ठेवून खायचे. मग एक शिकवणी बंद पडली आणि तिचा जुना प्रोजेक्टर आमच्याकडे आला. म्हटलं, वाचत नाहीत तर बघतील तरी. तेव्हापासून गावोगाव पडदा लावतो. पडदा म्हणजे पांढरी चादर. दिवसा दाखवायचं असेल तर खिडक्यांना खताच्या रिकाम्या गोण्या शिवून लावायच्या. आत युरियाचा वास येतो, पण अंधार चांगला होतो.

परदेशी सिनेमाला खाली इंग्रजीतली पट्टी येते. गावात ती वाचणार कोण? म्हणून आमची एक पद्धत पडली. सगळे संवाद मी घरी मराठीत उतरवून काढते आणि सिनेमा चालू असताना लॅपटॉपशेजारी अंधारात बसून माइकवर बोलते. म्हातारा मीच, म्हातारी मीच, हवालदारही मीच. बोलायचं ते परभणीच्या बोलीत. नियम एकच, मूळ आवाज बंद करायचा नाही. तो खालून चालू राहतो. बाई तिच्या भाषेत रडते, ते रडणं तिचंच ऐकू येतं. अर्थ तेवढा माझा. पहिली पाच मिनिटं लोक माझ्याकडं वळून बघतात, मग विसरतात. आमच्याकडं सिनेमा म्हटला की तो असाच असतो, अशी या गावांची आता समजूत झालेली आहे. पडद्यावर कुणाचंही तोंड हलू दे, बोलणारी ही अंधारातली पोरगी. ही समजूत ध्यानात ठेवा.

पहिला सिनेमा सुचवते तो मध्य आशियातल्या एका देशातला. मिठाचं तळं आहे, आटत चाललेलं. एक म्हातारा आणि त्याची बायको मीठ ओढतात. बायकोचा दात दुखतोय. शहरात नेणारा ट्रक उद्या येणार म्हणून म्हातारा तिला थांबवतो. ट्रक येत नाही. दोन तास हेच.

बोरी गावात हा लावला तेव्हा पुरुष अर्ध्या तासात बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागले. बाया हलल्या नाहीत. म्हातारा चौथ्यांदा "उद्या जाऊ" म्हणाला, म्हणजे मी माइकवर म्हणाले, तेव्हा मागून एक म्हातारी खेकसली, "आता काढ की रे मेल्या तो दात! किती बेजार करशील?"

तिच्या शेजारची म्हणाली, "त्याला काय व्हतंय? त्याचा दुखतोय का?"

"माज्या घरचा बी असाच. माजी दाढ पडली, पन ह्येचा उद्या काय उगवंना."

सगळा हॉल हसला. दारातून एक जण ओरडला, "ए, घरचं नका काढू इथं!" तर तिनं ऐकवलं, "मंग आत या की! भ्यालाव का दाताला?"

शेवटी ती बायको स्वतःच मिठाच्या खोऱ्याला दोरी बांधते. पुढचं सांगत नाही. त्या वेळी हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. निघताना त्याच म्हातारीनं माझा हात धरला. "नंतर बरी झाली का ओ ती? ताप-बीप न्हाई ना आला?" पिक्चर आहे, असं तिला सांगायची माझी छाती झाली नाही. बरी झाली म्हणाले. हा सिनेमा बघा. मोबाईलवर नाही. चार बाया बरोबर घेऊन बघा.

दुसरा पूर्व युरोपातला. रेल्वे फाटकावरची एक बाई. आपोआप चालणारं फाटक बसवतात, बाईची नोकरी जाते. ती तरीही रोज येते, जिथं चाक फिरवायची तिथं उभी राहते आणि गाडी गेली की घरी जाते. पत्रक लिहिणारीला असला सिनेमा सहन होत नाही. मी घरी संवाद उतरवताना चिडत होते. अगं, चार जणी जमव, अधिकाऱ्याच्या दारात बस! मी लिहिला असता तर तिला उपोषणाला बसवलं असतं. परभणीत स्टेशनमागच्या एका हॉलमध्ये तो लावला. विद्यापीठातली काही शिकलेली मंडळी आली होती, त्यांनी विचारलं, "यात कथा कुठं आहे?" मागच्या बाकावर तीन रिक्षावाले बसले होते. त्यातला एक म्हणाला, "साहेब, नोकरी गेल्यावर जायचं कुठं हीच कथा हाय की. घरी बसलं तर बायको बी इचारती, आज कसं काय." मग तिघं रिक्षाकडं गेले, गाडीची वेळ झाली होती. मी त्या दिवसापासून त्या बाईला शिव्या द्यायचं सोडलं. हाही बघा.

आता ती बाई.

सोनपेठच्या आठवडी बाजारात आम्ही पत्रकं वाटत होतो. दसरा झाला होता. टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. त्या दिवसांत बाजारात कोण फडावर निघालंय ते पिशवीवरून कळतं. पोतंभर मिरच्या, मीठ, रबरी चपला, ताडपत्री. अशीच पिशवी घेतलेली एक बाई माझ्यासमोर येऊन थांबली. पत्रक तिनं घेतलं नाही.

"तुमीच का ओ त्या पडदा लावणाऱ्या बाई?"

"हो, मावशी."

"आमचा शिनेमा हाय का तुमच्यापाशी?"

"तुमचा कोणता?"

"आमचा म्हंजी आमच्या गावाचा. माजी लेक हाय त्यात."

बसस्टँडच्या पायरीवर बसून तिनं सांगितलं. तीन उन्हाळ्यांपूर्वी गावात सिनेमावाले आले होते. ऊसतोड करणाऱ्या बाईची गोष्ट होती. तिचं काम करणारी हिरोईन मुंबईची, नामांकित, तोंडाला काजळी लावलेली. तिची लेक म्हणून त्यांनी हिची लेक घेतली. बारा-तेरा वर्षांची, बोलायला धीट. त्याच वर्षी दिवाळीनंतर टोळी कर्नाटकात गेली, पोरही बरोबर गेली. फडावर तापली. मुकादमानं दोन दिवस गोळ्या दिल्या. दवाखान्यात नेलं तोवर ताप डोक्यात गेला होता.

"फोटो आहे का तिचा?" मी विचारलं.

"शाळंतला हाय. फोटूवाल्याला भ्यालेली हाय त्यात. तिच्या बापाच्या मोबाईलात व्हती थोडी, त्यो मोबाईल कालव्यात पडला." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मला ती बोलताना पायजे, बाई. फोटू बोलत न्हाई. शिनेमात तिनं हाक मारलीय. त्यानं सांगितलं, आयेला हाक मार. काय म्हनायचं ते न्हाई सांगितलं. हिनं आपल्या मनानंच मारली. 'ये माय! भाकर करपायलीय बग!' म्हनाली. त्यो मोठा सायेब टाळ्या वाजवायला लागला. मी कॅमेऱ्याच्या मागंच हुबी व्हते. ती हिरोईन शेतात व्हती, पन लेक माज्याकडं बघून वरडली. मलाच मारलीय ती हाक."

टोळी भाऊबिजेनंतर निघणार होती. तोवर आणता येईल का, एवढंच तिनं विचारलं. पाच-सहा महिने परक्या मुलखात काढायचे, तर एकदा ऐकून जावं, असं म्हणाली.

मी सिनेमा ऐकून होते. पेपरात फोटो आले होते, परदेशातल्या कुठल्याशा लाल गालिच्यावर दिग्दर्शक आणि मुंबईची बाई. 'मराठवाड्याच्या मातीचा अस्सल आवाज' असं कुणीतरी लिहिलं होतं. परभणीत तो आलाच नव्हता. इथल्या टॉकीजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, हे आपल्याकडं चालत न्हाई. ऊस इथल्या लोकाला काय दाखवायचा? रोज बघायलेत."

दिग्दर्शकाला लिहिलं. नम्र लिहिलं. त्याच्या माणसाचं उत्तर आलं की सध्या सिनेमा महोत्सवांत फिरतोय, खाजगी प्रदर्शनाला परवानगी देता येत नाही. पुन्हा लिहिलं, पोरीचं सांगितलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा मला येतं तसं, पत्रकासारखं लिहिलं. कुणावर, कधी, कुठं, आणि मागणी काय. खाली लिहिलं की पुण्यात तुमचा खेळ आहे, त्या दारात आम्ही पोरीचा शाळेतला फोटो घेऊन उभे राहू. लिंक आली. दोनच दिवस चालणारी, पडद्यावर आडवं आमचं नाव उमटलेली. ती उतरवून घेण्यात भाऊबीज गेली. चित्र येतंय, आवाज येतोय, एवढं बघितलं आणि सकाळी एसटीनं निघालो.

गावात ट्रक येऊन उभा होता. अर्ध्या वस्तीचं सामान चढत होतं. गाठोडी, पत्रे, कोंबड्यांचं खुराडं. पोरीचा बाप दोरी आवळत होता. चला म्हटलं तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी दावा तिला. मला न्हाई व्हायचं."

समाजमंदिरात गोण्या लावल्या. हॉल भरला. निघणारे, राहणारे, सगळे. आपलं गाव पडद्यावर दिसायला लागल्यावर जो कल्ला झाला, त्यात पहिली दहा मिनिटं काही ऐकूच आलं नाही.

"आरं, ती आपली म्हैस!"

"म्हैस कुटं, ती पाटलाची हाय. तुजी असती तर इतकी जाड असती का?"

"ह्ये बगा मास्तर, तुमी दिसायलाव, पोट आत घ्या!"

बाई सर्वांत पुढं, पडद्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिनं कुणालाच हूं केलं नाही. हळूहळू मागचेही गप्प झाले, कारण ती कशासाठी बसलीय ते गावाला माहीत होतं.

हिरोईन बांधावर बसली होती. मग दार दिसलं. दारात पोर आली. परकराला हात पुसत आली, जशी आपल्या घरात येते तशी. कुणीतरी हळू म्हणालं, "आली." बाईनं दोन्ही तळवे जमिनीला टेकले. पोरीनं तोंडाशी हात नेला आणि हाक मारली.

"आई! अगं आई, भाकरी करपतेय!"

आवाज स्वच्छ होता. गोड होता. नाटकाच्या शिबिरात शिकलेल्या मुलीचा होता.

आधी लहान पोरं हसली. मग बायांत खुसखुस झाली. मागून एक जण बोलला, "आगं बया, ही पुन्याला कवा गेलती शिकायला?" आणि सगळा हॉल फिसकन हसला. वाईटपणानं नाही. आपल्या वस्तीतली पोर अशी बोलली तर हसूच येणार.

बाई पडद्याकडं पाठ करून माझ्या दिशेनं वळली. अंधारात मी तिला दिसत नव्हते.

"बाई, तुमी गप ऱ्हावा की जरा."

मला समजलं नाही.

"ह्यो आमचाच शिनेमा हाय, आमाला कळतंय. तुमी नका बोलू मधी. माज्या लेकीला बोलू द्या."

दुसऱ्या दोघी-तिघींनी तिची री ओढली. "व्हय ओ ताई, माइक बंद करा. तिचं तिला बोलू द्या." एक म्हातारी तर रागावली, "इतकी लांबून आलीस आन मधी मधी काहून करायलीस, पोरी?"

माइक पिशवीत होता. पिशवीची चेन लावलेली होती. मी लॅपटॉप वळवून त्याचा उजेड स्वतःच्या तोंडावर घेतला. पडद्यावर पोर पुन्हा काहीतरी बोलली. माझे ओठ मिटलेले होते. ते सगळ्यांनी बघितलं.

"मावशी, मी बोलत नाहीय."

"मंग कोन बोलायलंय?"

मी सिनेमा थांबवला. पोर तोंडाशी हात धरून तशीच राहिली. मी सांगितलं की शूटिंग झाल्यावर सिनेमावाले कधीकधी स्टुडिओत दुसऱ्याचा आवाज लावतात. दुसऱ्या मुलीनं बोललेलं हिच्या तोंडावर बसवतात.

"आन हिचा कुटं गेला?"

"काढून टाकला असेल."

"काहून?" ती उठून उभी राहिली. तिची सावली पोरीच्या अंगावर पडली, म्हणून ती बाजूला सरकली. "मुकी व्हती का माजी लेक? सगळ्यानी ऐकलंय तिला. ह्या मास्तरानी ऐकलंय. हिचं काय वंगाळ व्हतं बोलनं?"

मास्तरांनी मान हलवली, ऐकलं होतं.

मग ती म्हणाली, "आवाज बंद करा. नुसतं दावा." मी आवाज बंद केला, मागं नेलं, चालवलं. पोर दारात आली, हात पुसले, तोंडाशी नेले, ओठ हलले. बाईचेही ओठ हलत होते. मुक्या चित्रावर ती आपल्या मनातली हाक बसवून बघत होती. "पुन्यांदा," म्हणाली. पुन्हा दाखवलं. ओठ जुळेनात. डबिंगवाल्यांनी 'माय' म्हणणाऱ्या तोंडावर 'आई' बसवलं होतं, तेच शब्द आता डोळ्यांनाही दिसायला लागले होते. "पुन्यांदा." बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. मुकादम दारात येऊन म्हणाला, "ताई, झाला का न्हाई तुमचा खेळ? कारखाना थांबत नस्तो."

तिनं पदर खोचला. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "दिसली तर खरी," आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

काही आठवड्यांनी फडावरून फोन आला. कुणाच्या तरी मोबाईलवरून होता, मागं ट्रॅक्टर चालू होता.

"बाई, एक इचारायचं व्हतं. राग नका धरू."

"विचारा, मावशी."

"त्याला काई इलाज हाय का? त्या दुसऱ्या पोरीच्या आवाजाला."

मला वाटलं सिनेमात बदल करता येईल का म्हणून विचारतेय. तसं नव्हतं.

"आधी मला तिचा आवाज याचा. ऊस तोडताना बी याचा. 'ये माय' म्हनली का मी मागं वळायची. लोकं हसायचे मला. आता त्येच येत न्हाई. आता ती दुसरीच बोलती. 'अगं आई' म्हनती. तोंड माज्या लेकीचं असतंय आन बोलती ती. मी लय ध्यान करून बगितलं. माज्या लेकीचा आवाज कसा व्हता त्येच मला आता घावना."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, कारण त्याचा काही उपयोग नव्हता. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी तर चांगल्यासाठीच केलतं." फोन कापला गेला.

हा तो अन्याय. पोर मेली तो एक, त्याची पत्रकं आम्ही लिहिली आहेत आणि लिहिणार आहोत. हा दुसरा. पोरीच्या माघारी आईकडं एक वस्तू उरली होती, ती बक्षीसपात्र सिनेमानं वीस मिनिटांत पुसली.

दिग्दर्शकाला फोन केला. या वेळी त्यानं उचलला. माणूस उद्धट नाही. "तुमच्या भावना मी समजू शकतो," म्हणाला. लोकेशनवर वारा फार होता, जवळ ट्रॅक्टर होता, आवाज वापरण्याजोगा नव्हता. डबिंगला तिलाच बोलावणार होते, तोवर कळलं ती गेली.

"कळलं होतं तुम्हाला?"

"हो. फार वाईट वाटलं आम्हा सगळ्यांना. शेवटी गावकऱ्यांचे आभार मानलेत आपण."

"मग दुसरी मुलगी घेतलीत, ते समजू. तिचे शब्द का बदलले?"

"पुण्यात काही लोकांना दाखवला होता. त्यांना बोली जड गेली. सिनेमा जास्त लोकांपर्यंत पोचावा, एवढाच हेतू."

आता हे नीट बघा. परदेशातला माणूस तर खालची पट्टी वाचतो. त्याला 'माय' काय आणि 'आई' काय, दोन्ही सारखंच परकं. त्याच्यासाठी पोरीचं तोंड बदलायची गरजच नव्हती. ते बदललं मराठी माणसासाठी. परभणीची पोर परभणीसारखी बोलली तर ज्याच्या कानाला त्रास होतो, त्या मराठी माणसासाठी. मिठाच्या तळ्यावरच्या म्हातारीची भाषा बोरीच्या बायांना एक अक्षर येत नव्हती. त्यांनी नाही म्हटलं कधी, हिला आमच्यासारखं बोलायला लावा.

वाऱ्याचं म्हणाल तर तिसरा सिनेमा सुचवते. आपल्याच देशातला, ईशान्येकडचा. नदीतल्या बेटावरची, मासे विकणारी एक विधवा. काढणारी मुलगी त्याच बेटावरची आहे. तिची भाषा बोलणारे फार नाहीत. त्या सिनेमात वारा इतका आहे की अर्धं बोलणं उडून जातं. तिनं ते तसंच ठेवलंय. बाई नावेतून काहीतरी ओरडते, आणि खालच्या पट्टीत येतं, 'वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही.' असं आठ-दहा वेळा येतं. पहिल्यांदा मी हसले होते. आता तो बघवत नाही आणि बघितल्याशिवायही राहवत नाही. नावेतल्या बाईला ऐकू न येण्याचा तरी हक्क दिलाय. बेटावर तिचे पोरगे असतील, नातवंडं असतील. उद्या त्यांना वाऱ्यातून अर्धी का होईना, तीच ऐकू येईल.

राहिला तो मराठवाड्याच्या मातीचा सिनेमा. तोही बघण्यासारखा आहे. खोटं कशाला बोलू? मुंबईच्या बाईनं काम जीव तोडून केलंय. पहाटे ट्रक निघतो तो प्रसंग बघून आमच्या कार्यकर्त्या पोरी रडल्या. म्हणूनच चीड येते. वाईट सिनेमानं केलं असतं तर सोडून दिलं असतं.

दिग्दर्शकाला शेवटचं विचारलं होतं की मूळ रेकॉर्डिंग कुठंय. वारा, ट्रॅक्टर असू दे, आम्हाला चालतंय. म्हणाला, असेल कुठंतरी. साउंडवाल्याकडं असेल, नाहीतर मुंबईच्या स्टुडिओत एखाद्या हार्ड डिस्कवर. बघायला सांगतो. त्यानंतर तीनदा फोन केला, बघायला सांगितलेलं नाही. एकदा म्हणाला, असल्या डिस्क पुसून पुन्हा वापरतात, घाई केलेली बरी. घाई मी करायची म्हणे.

टोळ्या अजून परतलेल्या नाहीत.

म्हणून मागणी तुमच्याकडं. तुम्ही हे पुस्तक घेऊन वाचताय म्हणजे महोत्सवांना जाणारे असाल. हा सिनेमा तुमच्या शहरात लागेल. जा, तिकीट काढा, बघा. संपल्यावर दिग्दर्शक मंचावर येतो, दिवे लागतात, प्रश्न विचारा म्हणतात. कॅमेरा कुठला वापरला ते विचारू नका. उभं राहा, माइक मागून घ्या आणि सगळ्यांसमोर विचारा: दारातून आईला हाक मारणाऱ्या पोरीचा स्वतःचा आवाज कुठं आहे? 'बघायला सांगतो' म्हणाला तर बसू नका, कधीपर्यंत ते विचारा. आणि तुम्ही त्या युनिटमध्ये असाल, त्या स्टुडिओत काम करत असाल, करणारं कुणी ओळखीचं असेल, तर आजच कपाट उघडा. डिस्क पुसायच्या आधी ती हाक काढा, वाऱ्यासकट काढा, आणि तिच्या आईला नेऊन द्या.